जमिनीला कान लावून

१० जुलै २०२४ची सकाळ. सव्वासातला मिनिटभर कमी असेल. नांदेडच्या आमच्या घरात चहा उकळत होता, आणि मांडणीवरच्या डब्यांची झाकणं एकाएकी वाजायला लागली. पाच-सहा सेकंदांचा खेळ. गल्लीतली माणसं बाहेर आली, कुणी अंघोळीतून तसंच, कुणी कडेवर लेकरू घेऊन. भूकंप ४.५ तीव्रतेचा होता आणि त्याचं केंद्र शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात होतं. चार महिन्यांपूर्वी, २१ मार्चलाही पहाटे असाच हादरा बसला होता. नुकसान फारसं झालं नाही. पण दहा मिनिटांत लातूरहून बहिणीचा फोन आला आणि तिनं पहिला शब्द उच्चारला तो ‘किल्लारी’.

लातूर-नांदेडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, तेच अंगावर आलं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, लातूर-उस्मानाबादची बावन्न गावं उठवून दुसरीकडे वसवावी लागली. तोवर भूगोलाच्या पुस्तकात आम्ही शिकत आलो होतो की दख्खनचं पठार पक्कं आहे, इथं भूकंप होत नाहीत. पुढं हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीला खोल भोक पाडलं, तेव्हा तीनशे-साडेतीनशे मीटर काळ्या दगडाखाली जुना ग्रॅनाइट लागला. त्या ग्रॅनाइटात काय चाललंय, हे वर नांगरणाऱ्याला कळायला कुठलाच मार्ग नव्हता. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात गेली काही वर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात, तेव्हा लोक अजूनही रात्र अंगणात काढतात, ती याच आठवणीनं.

म्हणून पुढची गोष्ट ऐकली की आपल्याकडची माणसं थबकतात. याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा शिवारात, १७४ एकरांवर जगातलं अत्यंत नाजूक असं एक यंत्र उभं राहणार आहे. देशभर जागा पाहून झाल्यावर ही निवडली गेली, आणि निवडण्याचं एक मोठं कारण म्हणजे ही जमीन शांत आहे.

या यंत्राचं नाव लायगो-इंडिया. केंद्र सरकारनं त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले आहेत. आणि ते इथवर येण्यामागे दिल्लीतल्या फायलींइतकीच, परदेशात प्राध्यापकी करणाऱ्या आपल्या माणसांची पंधरा-वीस वर्षांची धडपड आहे. दिवाळी अंकात या विषयावर लिहावं असं मला वाटलं ते यासाठी. परदेशी गेलेल्या लेकरांनी देशासाठी काय करावं, यावर आपण फार बोलतो. कसं करावं, याचा चांगला नमुना नांदेडपासून तासा-सव्वातासाच्या अंतरावर तयार होतो आहे आणि आपल्यातल्या बहुतेकांनी तो पाहिलेला नाही.

नांदेडहून वसमतच्या रस्त्याला लागलं की आधी केळीच्या बागा, मग हळदीची शेतं. ऑक्टोबरात हळदीचा पाला कमरेएवढा वाढलेला असतो. औंढ्याला नागनाथाचं देऊळ, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं, ही कथा इथली. नामदेवांचं नर्सी याच जिल्ह्यात. इथून निघालेला हा माणूस पंजाबात घुमानपर्यंत गेला, आणि त्याची ६१ पदं गुरू ग्रंथसाहेबात आहेत, जो नांदेडच्या हुजूर साहेबात रोज वाचला जातो. आपल्या मातीतून दूर गेलेल्या माणसाचं देणं परत याच मातीत कसं येतं, याचं एवढं जुनं उदाहरण दुसऱ्या कुठल्या मुलखाकडे असेल, असं मला वाटत नाही.

आता यंत्राकडे. दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब, एकमेकींना काटकोनात. आत हवा जवळजवळ नाहीच. कोपऱ्यातून लेझरचा झोत दोन भागांत फुटून दोन्ही नळ्यांतून जातो, टोकाच्या आरशांवर आपटून परततो आणि पुन्हा एकत्र येतो. दोन्ही वाटा अगदी सारख्या असतील तर झोत एकमेकांना मिटवतात. एक वाट कणभर जरी लांबली तर उजेड दिसतो. हा ‘कण’ म्हणजे प्रोटॉनच्या जाडीचा हजारावा भाग. दूर कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशालाच सुरकुती पडते, ती गुरुत्वलाट पृथ्वीवरून जाताना दोन्ही नळ्यांची लांबी एवढ्या फरकानं बदलते. आइन्स्टाइननं १९१६ मध्ये या लाटांचं गणित मांडलं. त्या हाती लागल्या १४ सप्टेंबर २०१५ला, अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन यंत्रांत. १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एक झाली होती आणि तीन सूर्यांइतकं वस्तुमान लाटांच्या रूपानं निघून गेलं होतं. ११ फेब्रुवारी २०१६ला ही बातमी जगाला सांगण्यात आली. २०१७चं भौतिकशास्त्राचं नोबेल रेनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना याच कामासाठी मिळालं.

एवढा बारीक फरक मोजायचा म्हटल्यावर शेजारून गेलेला ट्रक, रेल्वे, किनाऱ्यावर आपटणाऱ्या समुद्राच्या लाटा, सगळंच यंत्राला ऐकू येतं. लिव्हिंग्स्टनला आसपासच्या रानात झाडतोड चालली की यंत्र बेजार होतं. हॅनफर्डची गोष्ट तर आपल्या पहिलीच्या पुस्तकातली वाटावी. २०१७च्या उन्हाळ्यात तिथल्या नोंदींत मधूनमधून अनोळखी ठोके येऊ लागले. शोध घेतला तर अतिथंड नायट्रोजनच्या नळीवर जमलेल्या बर्फाला तहानलेले डोमकावळे चोचा मारत होते. नळीवर आच्छादन घातल्यावर ठोके थांबले.

दुधाळ्याची निवड कशी झाली हे यावरून कळतं. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, मोठं शहर नाही, अवजड कारखाने नाहीत, जमीन बरीचशी सपाट. भूकंपाचं काय, हा आपला प्रश्न रास्त आहे. पण भूकंप आणि घरघर यांत फरक आहे. जगात कुठंही मोठा भूकंप झाला तरी अमेरिकेतल्या यंत्रांची लय तुटते. भूकंपाच्या लाटा विरल्यावर ती पुन्हा सांधता येते. रोजची, न थांबणारी घरघर मात्र सांधता येत नाही. आपला हिंगोली जिल्हा कारखान्यांत मागे राहिला, रेल्वेत मागे राहिला, याचं दुःख आपण कायम मांडत आलो. त्या मागे राहण्यानंच इथली शांतता टिकली आणि ती आज जगाला हवी आहे. हे वाचून मागासलेपणाचं समाधान करून घ्यावं असं मी मुळीच म्हणत नाही. एवढंच म्हणतो की आपल्या जमिनीचा हा गुण आपल्याला ठाऊक नव्हता, तो बाहेरच्या मापानं कळला.

बाहेरचं माप इथवर आणलं कुणी, ते पाहू.

गोष्ट पुण्यात सुरू होते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून परतले, आधी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, आणि १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारली. मे २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्याबद्दल खूप लिहिलं गेलं, त्यांच्या विज्ञानकथांबद्दल, आत्मचरित्राबद्दल. मला त्यांचं सर्वांत मोठं काम आयुका हेच वाटतं, कारण परदेशातून येणाऱ्या माणसाला उतरायला एक ओटा त्यांनी बांधून ठेवला. त्या ओट्यावर संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश या दोघांनी १९९१च्या सुमारास एक काम केलं. ते असं समजा: माळेगावच्या जत्रेत लाखाची गर्दी, घोडे, ढोलक, कर्णे, आणि त्यात हरवलेलं लेकरू हाक मारतंय. आईला ती हाक कळते, कारण ती हाक कशी असते हे तिला आधीच ठाऊक असतं. गुरुत्वलाटांचंही तसंच आहे. दोन तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येताना लाट कशी चढत जाईल याचे नमुने आधी गणितानं काढायचे, आणि नोंदीतल्या गोंगाटाशी एकेक नमुना लावून पाहायचा. किती नमुने लागतील, ते कसे निवडायचे, याचं मूळ काम पुण्यात झालं. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत बाला अय्यर हे फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर त्या नमुन्यांमागचं गणित करत होते. भारतात तेव्हा असं यंत्र नव्हतं, होण्याची चिन्हंही नव्हती. तरी त्या यंत्राला लागणारी विद्या इथं तयार होत होती. लाटा सापडल्याचं सांगणाऱ्या २०१६च्या त्या पहिल्या शोधनिबंधावर हजाराहून अधिक सह्या आहेत, त्यांत भारतातल्या नऊ संस्थांमधले तीसहून अधिक जण आहेत, ते या पायावर.

सत्यप्रकाश पुढं ब्रिटनमध्ये कार्डिफला गेले, नंतर अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात. त्याच विद्यापीठात अभय अष्टेकर होते. अष्टेकरांचा जन्म १९४९चा, धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा. मुंबईहून टेक्सास, टेक्सासहून शिकागो, तिथं १९७४ मध्ये डॉक्टरेट. आइन्स्टाइनची समीकरणं पुंज सिद्धान्ताला जवळची होतील अशा नव्या चलांत त्यांनी १९८६ मध्ये मांडली, आणि ती चलं आज जगभर त्यांच्याच नावानं ओळखली जातात. शिरपूरच्या माणसाचं आडनाव भौतिकशास्त्रात संज्ञा म्हणून वापरतात, हे आपल्या शाळांतून किती मुलांना सांगितलं जातं?

२००९ मध्ये भारतातल्या संशोधकांनी इंडिगो नावाचा गट बांधला. विमान कंपनीशी याचा संबंध नाही. भारतीय गुरुत्वलाट निरीक्षणाचा हा पुढाकार. या गटानं आंतरराष्ट्रीय सल्लागार समिती नेमली, तिचं अध्यक्षपद अष्टेकरांकडे दिलं. समितीत सत्यप्रकाश होते, कॅलटेकचे राणा अधिकारी होते, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान, इटलीचे जाणकार होते. वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात शिकवणारे सुकांत बोस हॅनफर्डच्याच राज्यात राहत, ते आयुकाशीही जोडले गेले. ही माणसं नोकऱ्या सोडून परत आली नाहीत, काहींनी तर मुक्काम परदेशातच ठेवला. त्यांनी इथल्या विद्यार्थ्यांना तिकडे घेतलं, तिकडचे धडे इथं आणले, आणि महत्त्वाचं म्हणजे दोन्हीकडच्या सरकारांना एकमेकांची भाषा समजावली. आपल्या अणुऊर्जा खात्याला प्रयोगाची ऐपत आहे हे अमेरिकेला पटवायचं, आणि अमेरिकेचा प्रस्ताव खरा आहे हे दिल्लीला पटवायचं. असं काम वकिलातीतला अधिकारी करू शकत नाही, कारण नळीतली गळती म्हणजे काय हे त्याला माहीत नसतं.

संधी आली ती ऑस्ट्रेलियाच्या नकारातून. हॅनफर्डला एकाच ठिकाणी दोन यंत्रं बसवायची मूळ योजना होती. त्यातलं एक उचलून दूरच्या देशात बसवलं तर आकाशात लाट कुठून आली ते नेमकं सांगता येईल, असं ठरलं. लाट सर्वांत आधी कुठल्या यंत्राला लागली, मग कुठल्या, यावरून दिशा काढतात. यंत्रं जितकी दूर, तितकी दिशा पक्की. पहिला मान ऑस्ट्रेलियाला दिला होता. २०११च्या ऑक्टोबरपर्यंत त्यांना पैसा उभा करता आला नाही. इंडिगोची मंडळी तयार होती म्हणूनच चेंडू भारताकडे आला. ती तयारी आधीच्या वीस वर्षांची होती.

यापुढचा भाग मात्र लिहिताना हात जड होतो. ऑगस्ट २०१२ला अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान मंडळानं यंत्र भारतात हलवायला हिरवा कंदील दिला. आपल्याकडे तत्त्वतः मंजुरी आली १७ फेब्रुवारी २०१६ला, लाटा सापडल्याची बातमी आल्यावर सहाव्या दिवशी. ३१ मार्च २०१६ला वॉशिंग्टनमध्ये पंतप्रधानांच्या उपस्थितीत करारावर सह्या झाल्या. शेवटची मंजुरी ६ एप्रिल २०२३ला आणि पायाभरणी त्याच वर्षी ११ मेला, राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनी. म्हणजे होकार आणि पैसा यांत सात वर्षं गेली. हॅनफर्डला खोक्यांत बांधून ठेवलेले भाग तसेच पडून राहिले. जपाननं आपल्या काग्रा या यंत्राचा खर्च २०१० मध्ये मंजूर केला, डोंगर पोखरून ते बांधलं आणि २०२०च्या फेब्रुवारीत निरीक्षण सुरूही केलं. १७ ऑगस्ट २०१७ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, तेव्हा अमेरिकेची दोन आणि इटलीचं एक अशा तीन यंत्रांनी जागा सांगितली, अकरा तासांच्या आत दुर्बिणींना ती दीर्घिका सापडली, सोनं-प्लॅटिनम कसं घडतं याचा पुरावा हाती आला. या शोधाच्या वेळी आपली फाइल टेबलावर होती. मधल्या काळात करोना आला, जमीन ताब्यात घ्यायला वेळ लागला, हे सगळं मान्य. तरी परदेशातल्या संशोधकाच्या आयुष्यातली सात वर्षं ही फार मोठी रक्कम आहे. त्याच्या हाताखालचे विद्यार्थी डॉक्टरेट होऊन दुसऱ्या वाटेला लागतात. आपल्या माणसांनी तरी हात सोडला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

परदेशस्थांना बोलावण्याच्या सरकारी योजना कमी नाहीत. संयुक्त राष्ट्रांची टोकटेन योजना १९७७ मध्ये तुर्कस्तानात सुरू झाली, पुढं आपणही ती घेतली. २०१७ मध्ये वज्र योजना आली. २ ऑक्टोबर २०२०ला वैभव परिषद सुरू झाली आणि २०२३ मध्ये त्याच नावाची फेलोशिप: भारतीय वंशाच्या संशोधकानं वर्षातून एक-दोन महिने इथल्या संस्थेत काम करावं, तीन वर्षांपर्यंत, महिन्याला चार लाख रुपये. योजना चांगल्या आहेत. पण माझं स्पष्ट मत आहे की दोन महिन्यांच्या पाहुण्यानं तंत्रज्ञान रुजत नाही. सॅम पित्रोदांनी १९८४ मध्ये सी-डॉट हे दूरसंचार संशोधन केंद्र हाती घेतलं तेव्हा ते अमेरिकेतून इथं येऊन राहिले, आणि कर्नाटकातल्या कित्तूरला खेड्यातलं टेलिफोन एक्स्चेंज चालू झालं. वसंत गोवारीकर इंग्लंडमधून थुंब्याच्या रॉकेट केंद्रात आले ते राहायलाच. घन इंधनाची सगळी शाखा त्यांनी उभी केली. लायगोनं तिसरी वाट दाखवली. राहा कुठंही, पण वीस वर्षं एकाच कामाला जोडलेले राहा, आणि इथं त्या कामाची धुरा घेणारी संस्था असू द्या. आयुका नसती, इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र नसतं, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था नसती, तर अष्टेकरांनी कितीही शब्द टाकला असता तरी कुणी आठ कोटी डॉलरचे भाग भारताला देऊ केले नसते.

औंढ्याच्या बसस्थानकावर चहा पिताना एका वयस्कर शेतकऱ्यानं मला विचारलं, “एवढ्या पैशात किती तळी झाली असती हो?” हा प्रश्न टाळता येणार नाही. वॉशिंग्टनला करारावर सह्या झाल्या आणि बरोबर बाराव्या दिवशी, १२ एप्रिल २०१६च्या पहाटे, मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली जलदूत रेल्वे लातूरला पोचली. दहा टाक्यांची गाडी. ज्यांनी ते दिवस काढले, घागरींच्या रांगेत रात्री जागवल्या, त्यांना कृष्णविवरांचं कौतुक सांगायला कोण धजेल? मी त्या आजोबांना एवढंच म्हणालो की तळी झालीच पाहिजेत, आणि ती या पैशावाचून अडलेली नाहीत. पण नंतर परतताना वाटलं, उत्तर अपुरं होतं. हे यंत्र आपल्या मुलांच्या हाताला काय देणार, हे जोवर सांगता येत नाही तोवर त्यांचा प्रश्न खराच राहणार.

म्हणून नळीकडे पुन्हा जाऊ, कारण तिथं हाताचं काम आहे. पोलादाची ही नळी साधारण सव्वा मीटर व्यासाची आणि पत्रा अवघा तीन मिलिमीटर जाड. दोन्ही मिळून आठ किलोमीटर नळी, सगळी वेल्डिंगनं जोडलेली, आणि त्यात सुईच्या टोकाचं छिद्रही चालत नाही. छिद्र शोधायला हेलियम वायू वापरतात. सांध्यावर बाहेरून हेलियम सोडायचा आणि आत त्याचा माग लागतो का ते यंत्रावर पाहायचं. अमेरिकेत नळी जोडून झाल्यावर तिच्यातूनच हजारो अँपिअर वीज सोडली आणि महिनाभर दीडशे अंशांच्या वर तापवत ठेवली, पत्र्यात मुरलेली पाण्याची वाफ निघून जावी म्हणून. नळी सरळ ठेवायची तर जमिनीलाही हिशेबात धरावं लागतं: चार किलोमीटरमध्ये पृथ्वीचा गोलावाच मीटरभर खाली जातो. टोकाचा आरसा ४० किलोचा, आणि तो टांगलेला असतो काचेच्या तंतूंवर, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. तो तंतू ओढायला, जोडायला, हात न थरथरता बसवायला माणूस लागतो. त्या माणसाची पदवी कोणती यापेक्षा त्याचा हात कसा, हे महत्त्वाचं.

नांदेडला श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ला, मुक्तिसंग्राम दिनी सुरू झालं, त्याचं उपकेंद्र लातूरला आहे. गावोगावी आयटीआय आहेत. लातूर पॅटर्नचं नाव तर देशभर आहे. दहावीनंतर पोरगं घेऊन आईबाप भाड्याच्या खोलीत राहायला येतात, दोन वर्षं घर म्हणजे अभ्यासाची खोली. त्यातली हुशार मुलं पुण्याला, बेंगळुरूला, तिथून अमेरिकेला जातात. लातूरच्या औसा रोडला किंवा नांदेडच्या विष्णुनगरला एखाद्या संध्याकाळी फिरलात, तर बाकावर बसलेल्या ज्येष्ठांपैकी कुणाचं तरी लेकरू डॅलसला नाही तर न्यू जर्सीला असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावलं, तेव्हा त्या बाकांवर दुसरा विषय नव्हता.

तिकडच्या विज्ञानाचेही दिवस बरे नाहीत. २०२६च्या अमेरिकी अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात लायगोचं एक केंद्र बंद करण्याची सूचना आली. अमेरिकेतलं एक यंत्र थांबलं तर दिशा काढण्याचं काम अडतं, आणि मग दुधाळ्याचं यंत्र जगासाठी आणखी मोलाचं होतं. आजवर दोनशेहून अधिक लाटा टिपल्या गेल्या आहेत. पुढच्या शेकडो लाटांचा पत्ता सांगण्यात औंढ्याचा वाटा असणार आहे.

तेव्हा डॅलस, न्यू जर्सी, बे एरिया, लंडन इथं बसलेल्या आमच्या लातूर-नांदेड-हिंगोलीच्या मुलामुलींना एक विनंती. गावच्या शाळेला संगणक पाठवता, दुष्काळात मदत करता, त्याबद्दल गाव तुमचं ऋणी आहे. आता वेळ द्या. लेझर, ऑप्टिक्स, निर्वात तंत्र, नियंत्रण प्रणाली, विदा विश्लेषण यांत तुम्ही काम करत असाल तर नांदेडच्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातला एक प्रकल्प आपल्याकडे घ्या. दर शनिवारी एक तास, तीन वर्षं, खंड न पाडता. त्या तासानं जे होईल ते एका भाषणानं आणि एका सत्कारानं होणार नाही.

आणि इथल्या मंडळींना. विद्यापीठानं या तासाला श्रेयांक द्यावेत, त्याला ‘अतिथी व्याख्यान’ म्हणून रजिस्टरात दाबून टाकू नये. राज्य सरकारनं हिंगोली, वसमत, नांदेडच्या आयटीआयमध्ये निर्वात तंत्राचा आणि बारीक वेल्डिंगचा अभ्यासक्रम आत्ताच सुरू करावा, कारण ठेकेदार आला की तो कारागीर बाहेरून आणतो आणि आपल्या पोरांच्या वाट्याला पहारेकऱ्याची नोकरी येते. असं आपल्या भागात याआधी झालेलं आहे. दुधाळा आणि आसपासच्या गावांना या जमिनीभोवती काय करता येईल आणि काय नाही, हे ग्रामसभेत, मराठीत, नकाशा पसरून सांगावं. शांतता राखायची जबाबदारी गावावर येणार असेल तर तिचा मोबदलाही गावाला कळला पाहिजे.

यंत्र २०३०पर्यंत उभं राहायचं आहे. २०२५ मध्ये लातूर आणि नांदेडच्या वर्गांत अकरावीला बसलेली मुलं त्या वर्षी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात असतील.